तारीख देता येत नसेल, तर ‘माहीत नाही’ म्हणा

मोटारगाड्या बनवणाऱ्या कंपन्यांचे संचालक आणि त्या विकणाऱ्या शोरूमचे मालक यांस,

स. न. वि. वि.

गाडी बुक करून मला चौदा महिने झाले. सप्टेंबर २०२४ ची पावती समोर ठेवूनच हे लिहायला बसले आहे. तिच्यावर ‘डिलिव्हरी अंदाजे १० ते १२ आठवडे’ असं पेनानं लिहिलंय. ‘अंदाजे’ हा शब्द त्या दिवशी माझ्या डोळ्यांत भरला नव्हता. आता पावती काढली की आधी तोच दिसतो.

तुमच्यापैकी कुणाचंही नाव मी इथे घेणार नाही. नाव घेतलं की एका कंपनीकडून ठरीव दिलगिरी येते आणि बाकीचे सगळे सुटतात. माझ्या पुढेमागे वेटिंगवर असलेल्यांच्या पावत्यांवरही ‘अंदाजे’च लिहिलेलं असणार. म्हणून हे पत्र चारचौघांत.

‘मग दुसरी गाडी घ्या ना!’ हे मला बऱ्याच जणांनी सुचवलं, तुमच्या शोरूममधल्या मुलानंसुद्धा. तेव्हा हीच गाडी का, ते आधी सांगते. माझी आई व्हीलचेअरवर असते. खुर्चीची घडी होते, पण चाकं निघत नाहीत. गाडी घ्यायची ठरल्यावर मी ती खुर्ची घेऊनच सहा शोरूम फिरले. एका गाडीची डिक्की मोठी, पण तोंड अरुंद. दुसरीचा काठ इतका उंच, की खुर्ची छातीपर्यंत उचलावी लागायची. या एकाच गाडीत खुर्ची जराशी तिरकी सरकवली की मागचं दार नीट लागतं, आणि पुढची सीट अशा उंचीला आहे की आईला वर चढावं लागत नाही आणि खाली वाकून बसावंही लागत नाही. शोरूममधल्या मुलानं स्वतः खुर्ची आत ठेवून दाखवली होती. ‘बघा, जणू मापानंच बनवलीय,’ असं म्हणाला. बिचारा खरंच बोलला.

आमच्या जुन्या गाडीच्या डिक्कीत खुर्ची मावत नाही. ती मागच्या सीटवर आडवी टाकावी लागते. मग गाडीत आई, मी आणि खुर्ची. आईला उतरवायला दोन माणसं लागतात, त्यामुळे तपासणीला जायचं असलं की माझा भाऊ मागून दुचाकीवर येतो. पाऊस असला की दवाखान्याच्या दारात तो भिजलेल्या हातांनी आईला उचलतो आणि आई दर वेळी विचारते, ‘नवी गाडी कधी येणार म्हणालास?’ बुकिंग मी केलंय, पण प्रश्न त्याला.

आता तुमची बाजू. ती मला कळत नाही असं नाही. चौदा महिन्यांत वाचायला भरपूर वेळ मिळाला. लहानमोठे सगळे धरले तर एका मोटारीत सुमारे ३०,००० सुटे भाग असतात, आणि त्यातला एक आला नाही तर बाकीचे हजर असूनही गाडी कारखान्यातच उभी राहते. २०२० मध्ये साथीमुळे कारखाने बंद पडले तेव्हा तुम्ही चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. चिप बनवणाऱ्यांनी ती क्षमता लॅपटॉप आणि फोनवाल्यांना दिली. वर्षअखेरीस गाड्यांची मागणी परत आली तेव्हा तुम्हाला रांगेच्या शेपटीला उभं राहावं लागलं. एक चिप तयार व्हायला तीन-तीन महिने, कधी त्याहून जास्त लागतात, तेव्हा ती रांग हलेना. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासच्या हिमवादळानं ऑस्टिनमधले चिपचे कारखाने बंद पाडले. १९ मार्चला जपानमध्ये रेनेसास या चिप कंपनीच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली. चारच दिवसांनी ‘एव्हर गिव्हन’ हे मालवाहू जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं आणि सहा दिवस अडकून राहिलं. पुढच्या वर्षी युक्रेनवर हल्ला झाला आणि तिथे बनणाऱ्या वायरिंग हार्नेसवाचून (म्हणजे गाडीतल्या तारांच्या जुड्यांवाचून) जर्मनीतल्या कारखान्यांचं उत्पादन थांबलं. ‘फेलिसिटी एस’ हे जहाज तर सुमारे ४,००० गाड्या पोटात घेऊन अटलांटिकमध्ये पेटलं आणि मार्च २०२२ मध्ये अझोर्स बेटांजवळ बुडालं. त्यातल्या १५ लॅम्बोर्गिनी अव्हेंटाडोर पुन्हा बनवून देण्यासाठी बंद केलेलं उत्पादन परत सुरू करण्यात आलं. (गिऱ्हाईक तालेवार असलं की काय काय जमतं!)

२९ ऑगस्ट २०२३ रोजी टोयोटाचे जपानमधले १४ कारखाने बंद पडले. कारण काय, तर सुट्या भागांच्या ऑर्डरी सांभाळणाऱ्या सर्व्हरवर जागा उरली नव्हती. टोयोटानं ते उघडपणे सांगितलं. हे वाचून मला राग आला नाही, उलट बरं वाटलं. अडचण कळली की माणूस थांबतो.

थांबायला माझी ना नाही. तक्रारी वेगळ्याच आहेत.

पहिली, तारखांची. मी एक वही केली आहे. डावीकडे फोन केल्याचा दिवस, उजवीकडे मिळालेलं उत्तर. चौदा महिन्यांत मला सहा तारखा मिळाल्या. नोव्हेंबर, मग ‘वर्षअखेर होऊन जाईल’, मग फेब्रुवारी, मग ‘मार्च एंडला नक्की’. त्यानंतर जुलै आणि शेवटी ‘दोन आठवडे धरून चाला’. यातली एकही तारीख उलटून जाण्याआधी तुमच्याकडून आपणहून फोन आला नाही. प्रत्येक वेळी तारीख गेल्यावर मीच केला. मध्ये तीन सेल्सवाले बदलले आणि प्रत्येकाला खुर्चीची गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली. गेल्या महिन्यात नवं कारण आलं: नेक्सपेरिया. हॉलंडच्या सरकारनं सप्टेंबर २०२५ अखेर त्या चिप कंपनीचा कारभार आपल्या नियंत्रणाखाली घेतला, मग चीननं तिच्या तिथल्या मालाची निर्यात अडवली आणि गाड्यांच्या कारखान्यांची तारांबळ उडाली. खरी गोष्ट. पण अहो, माझी गाडी नोव्हेंबर २०२४ मध्ये यायची होती! ऑक्टोबर २०२५ चं कारण तिला कसं लागू होईल? शोरूममधल्या बाईंना हे विचारलं तेव्हा त्या जरा थांबून म्हणाल्या, ‘आम्हाला वरून जे येतं ते आम्ही सांगतो.’ त्यांच्यावर माझा राग नाही. वर बसलेल्यांनो, हे पत्र तुमच्यासाठी.

दुसरी, रांगेची. पाचव्या महिन्यात मला कळलं की माझी ऑर्डर कंपनीच्या सिस्टिममध्ये बुकिंगनंतर सात आठवड्यांनी चढली होती. तोवर माझे पैसे शोरूमच्या खात्यात आणि माझं नाव एका फायलीत. म्हणजे मी ज्या रांगेत उभी आहे असं समजत होते, त्या रांगेत मी नव्हतेच! पावती हातात आली म्हणजे ऑर्डर गेली, असंच कुणीही धरून चालणार. हा फरक बुकिंगच्या दिवशी सांगायला एक वाक्य पुरतं. पुढेही तेच. कंपनी शोरूमला गाड्यांचा कोटा देते आणि त्या कोट्यातली कुठली गाडी कुणाला जाते, हे बाहेर कुणालाच दिसत नाही. माझा नंबर किती, असं विचारलं की उत्तर येतं, ‘तुम्ही प्रायॉरिटीत आहात.’ सगळेच प्रायॉरिटीत असले तर रांग कोणाची?

तिसरी तक्रार जूनमधली आहे, आणि खरं तर हे पत्र तिच्यामुळेच लिहिते आहे.

एके दिवशी शोरूममधून फोन आला. माझंच मॉडेल, पण रंग वेगळा आणि व्हेरियंट सगळ्यात वरचं, छताला काच असलेलं. ‘उद्या घेऊन जा,’ म्हणाले. आईला घेऊनच गेले. गाडी मागच्या यार्डात उभी होती, आमच्यासाठी नुकतीच धुतलेली. मी आईची खुर्ची टायरजवळ लावली आणि ब्रेक ओढायला वाकले, तेव्हा टायरच्या बाजूवरचे चार आकडे दिसले: २२२४. यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २०२४ सालचा बाविसावा आठवडा, म्हणजे मे संपता संपता. माझ्या बुकिंगच्या तीन महिने आधी. टायर आधी बनतात आणि गाडीला नंतर बसतात, हे मान्य, म्हणून मी बोनेट उघडायला सांगितलं. धुतलं होतं ते बाहेरूनच. आत वायपरच्या जाळीत वाळलेल्या पानांचा चुरा होता आणि बॅटरी मात्र कोरी करकरीत. ‘जुनी कुठे गेली?’ विचारलं तर उत्तर आलं, ‘उतरली होती, बदलली.’ उभी राहून उतरली होती, हे ओघानं आलंच.

मॉडेलचा तुटवडा नव्हता. मी मागितलेल्या, मधल्या किमतीच्या व्हेरियंटचा होता. महागडं व्हेरियंट यार्डात पानं गोळा करत होतं आणि मला नऊ महिने चिपच्या गोष्टी सांगितल्या जात होत्या. चिप कमी असल्या की त्या जास्त नफ्याच्या गाड्यांत आधी घालायच्या, हे धोरण नवं नाही. २०२१ मध्ये मर्सिडीझ-बेंझच्या गाड्यांची विक्री आदल्या वर्षापेक्षा कमी झाली आणि नफा वाढला. धंदा आहे, करा. पण मग गिऱ्हाइकाला तोंडावर सांगा, ‘तुमचं व्हेरियंट आम्ही सध्या थोडंच बनवतोय, वरचं घेतलंत तर लवकर मिळेल.’ मी कदाचित घेतलंही असतं! त्या दिवशी मात्र नाही म्हटलं. परतताना आई म्हणाली, ‘काचेचं छप्पर बरं होतं की.’ मी काही बोलले नाही.

चौथी, गाडी बदलण्याची. वाट पाहण्याच्या काळात किंमत दोनदा वाढली. ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू राहील’ ही ओळ पावतीच्या मागे बारीक अक्षरात आहे, ती मीच वाचली नाही; चूक माझी. पण दिवस कुठला असेल हे ठरवणार तुम्ही, आणि त्या दिवसाची किंमत ठरवणारेही तुम्हीच. यात माझ्या हाती काय राहिलं? शिवाय माझ्या व्हेरियंटमधलं मागचं दार बटणानं उघडायचं. नव्या माहितीपत्रकातून ते बटण गायब झालंय. कुणी सांगितलं नाही. जुनं आणि नवं माहितीपत्रक शेजारी ठेवून मीच शोधून काढलं. एका हातानं खुर्ची धरणाऱ्या माणसाला ते बटण म्हणजे चैन नव्हे. वस्तू कमी करावी लागते, हेही समजू शकते. २०२१ मध्ये प्युजोनं ३०८ मॉडेलमध्ये डिजिटल स्पीडोमीटरऐवजी काट्याचा बसवला, बीएमडब्ल्यूनं काही गाड्यांतला टचस्क्रीन वगळला. टोयोटानं २०२२ मध्ये जपानी गिऱ्हाइकांना दोन स्मार्ट किल्ल्यांऐवजी एक स्मार्ट आणि एक साधी दिली, दुसरी नंतर देऊ म्हणाले. हे सगळं त्यांनी जाहीर केलं होतं. माझ्या बटणाबद्दल दोन ओळींचा मेसेज जड का व्हावा?

पाचवी पैशांची, तिच्यावर फार लिहीत नाही. बुकिंगची रक्कम चौदा महिने बिनव्याजी तुमच्याकडे आहे. बँकेच्या कर्जमंजुरीची मुदत दोनदा संपली, दोन्ही वेळा कागद नव्यानं. जुन्या गाडीचा एक्स्चेंजचा भाव तुम्ही तीस दिवसांपुरता धरता; माझ्याबाबतीत तो चार वेळा काढला गेला आणि दर वेळी खाली आला. पण खरं नुकसान भलतंच होणार होतं. ‘आता नवी येतेच आहे’ म्हणून मी जुन्या गाडीचे टायर बदलायचं सात महिने ढकललं. एका संध्याकाळी पावसात सिग्नलला ब्रेक दाबला आणि गाडी पांढऱ्या पट्टीच्या पुढे घसरत जाऊन थांबली. आई पुढच्या सीटवर होती. समोरून कुणी येत नव्हतं, एवढंच. दुसऱ्याच दिवशी चारही टायर नवे घातले. यात दोष माझाच, तुम्हाला देत नाही. मात्र ‘दोन आठवडे धरून चाला’ असं म्हणताना पलीकडचा माणूस त्या भरवशावर काय काय पुढे ढकलतो, हे तुम्हाला माहीत असावं.

इथे थोडं माझ्यासारख्या ताटकळलेल्यांशी बोलते, संचालकांनी ऐकलं तरी हरकत नाही. पावतीवर विसंबू नका. कंपनीच्या सिस्टिममधला ऑर्डर नंबर मागा, आणि तो कोणत्या तारखेला चढला तेही विचारा. तारीख फोनवर मिळाली की लगेच मेसेज टाका, ‘आपण आज अमुक तारीख सांगितलीत’. नाकारायला मग जागा राहत नाही. चेसिस नंबर तुमच्या नावावर पडल्याशिवाय जुनी गाडी विकू नका, कुणी कितीही चांगला भाव देवो. तिची सर्व्हिसिंग, टायर, ब्रेक नवी गाडी येणारच नाही असं समजून वेळच्या वेळी करा. बुकिंगच्या दिवशीचं माहितीपत्रक जपून ठेवा. आणि गाडी आली की आधी वाकून टायरवरचे चार आकडे वाचा.

वाट पाहणं जगात नवं नाही, हे मला तुमच्याच एका अधिकाऱ्यानं ऐकवलं. बरोबर आहे. पूर्व जर्मनीत ट्राबांटसाठी लोक दहा वर्षांहून जास्त थांबत, आणि लगेच मिळते म्हणून वापरलेली ट्राबांट नव्या गाडीपेक्षा महाग विकली जाई. पण तिथे गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायची सोयच नव्हती. तुम्हाला तिच्याशी तुलना करून घ्यायची असेल तर माझी काही हरकत नाही! त्यापेक्षा टोयोटाचं उदाहरण घ्या. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी आपल्याच देशातल्या गिऱ्हाइकांना जाहीर सांगितलं, की नव्या लँड क्रूझरसाठी चार वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. चार वर्षं ऐकून कुणाचाही जीव दडपेल. पण ज्याला जमेल तो थांबतो, ज्याला जमणार नाही तो त्याच दिवशी दुसरी गाडी बघायला लागतो. मला २०२४ च्या सप्टेंबरात कुणी ‘वर्ष-दीड वर्ष लागेल’ म्हटलं असतं, तर मी जुन्या गाडीच्या छतावर खुर्चीसाठी कॅरियर बसवून घेतला असता. शेवटी गेल्या महिन्यात बसवलाच. अर्ध्या दिवसाचं काम होतं.

आता मागण्या.

तारीख देता येत नसेल तर ‘माहीत नाही’ असं लेखी द्या. दिली असेल आणि पाळता येत नसेल, तर ती उलटण्याच्या आधी तुम्ही फोन करा, गिऱ्हाइकानं नव्हे.

बुकिंग झाल्यावर ऑर्डर कंपनीकडे कधी गेली, रांगेतला नंबर किती, उत्पादनाचा आठवडा ठरला का, गाडी कारखान्यातून निघाली का, हे प्रत्येकाला स्वतः पाहता येऊ दे. ही माहिती तुमच्या संगणकात आहेच, नवीन काही गोळा करायचं नाही. एखादं व्हेरियंट कमी बनवत असाल तर ते बुकिंग घेण्याआधी सांगा.

तुम्ही दिलेली मुदत तुमच्याकडून ओलांडली गेली, तर किंमत बुकिंगच्या दिवसाचीच राहावी आणि जुन्या गाडीचा भावही. गाडीतलं काही वगळलं तर आधी कळवा, तेवढी किंमत कमी करा, आणि गिऱ्हाइकाला ते नको असेल तर पूर्ण रक्कम सात दिवसांत परत द्या, कपात न करता. मुदतीनंतर जितके महिने पैसे तुमच्याकडे राहतील, तितक्या महिन्यांचं व्याज द्या.

यार्डात उभी असलेली गाडी विकताना ती कधी बनली आणि किती दिवस उभी होती, हे गिऱ्हाइकानं न विचारता सांगा.

आणि ज्यांच्या घरी आजारी किंवा अपंग माणूस आहे त्यांच्यासाठी रांगेत वेगळी नोंद ठेवता येईल का, याचा विचार करा. याला मी मागणी म्हणत नाही, कारण माझ्या पुढे उभ्या असलेल्यांची काय अडचण आहे ते मला ठाऊक नाही. कदाचित माझ्याहून मोठी असेल.

बुकिंग मी रद्द केलेलं नाही. माझा ऑर्डर नंबर शोरूमकडे आहे आणि आता सिस्टिममध्येही आहे, मी खात्री करून घेतली. फोन केव्हाही करा. फक्त दुपारी दोन ते चार नको, तेव्हा आई झोपलेली असते.

आपली,
वेटिंग लिस्टमधली एक